हरलेल्याचा फोन

तक्तेबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं ऑफिसात कोणी उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्या दरसाल एकच तक्ता करत आल्या, म्हणून तक्तेबाई. तक्ता म्हणाल तर साधा. आपल्या भागातले नऊ देश आणि त्यांच्यासमोर तीन रकाने. पहिल्या रकान्यात लोकशाही असलेले देश, दुसऱ्यात ती नावापुरती असलेले आणि तिसऱ्यात औषधालाही नसलेले. संस्था लहानशी, टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या, त्यातही एक खोली जुन्या तक्त्यांच्या गठ्ठ्यांनी अडवलेली. पण तक्ता छापून निघाला की नऊ राजधान्यांत धावपळ उडायची. कोणाला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या, कोणाच्या पोटात दुखायचं, आणि एका देशाचा राजदूत तर दरवर्षी जातीने येऊन बाईंशी हुज्जत घालून जायचा. बाई त्याला चहा पाजायच्या आणि देश होता तिथेच ठेवायच्या.

आता देश मोजायचा कसा? विद्वान मंडळी बेचाळीस निकष लावतात. वर्तमानपत्रं किती, न्यायाधीश कोण नेमतं, मतदान किती टक्के. ते कामही ऑफिसात व्हायचं. त्यासाठी पन्नाशीचे, डोक्यावर एक केस नसलेले संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना सगळे टक्केवारी म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. पण बाईंचा खरा भरवसा टेबलावरच्या फोनवर.

त्यांची रीत अशी. प्रत्येक देशाच्या शेवटच्या निवडणुकीत हरलेल्या उमेदवारांची यादी मिळवायची. नावांच्या चिठ्ठ्या करून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या, त्यातली एक उचलायची आणि त्या माणसाला फोन लावायचा. "निवडणूक कशी झाली?" एवढंच विचारायचं, घड्याळ लावायचं आणि गप्प बसायचं.

"जिंकलेल्याला काय विचारायचं?" बाई म्हणायच्या. "त्याला सगळं गोडच लागतं. हरलेला माणूस आपल्या घरात बसून, आपल्या नावाने, किती वेळ बोंब मारू शकतो ते बघा. तेवढी त्या देशात लोकशाही."

यंदाचंच घ्या. बेटांच्या देशातला हरलेला सत्तर मिनिटं बोलला. निवडणूक आयोग, पाऊस, स्वतःचा पक्ष, स्वतःचा मेहुणा, त्याने कोणाला म्हणून सोडलं नाही. जिंकलेला उमेदवार त्याचाच शेजारी निघाला, तर तो कुंपणापलीकडून ओरडून याला खोटं पाडायला लागला. पहिला रकाना. राजाच्या देशातला हरलेला चाळीस मिनिटं मंत्र्यांची सालटी काढत होता, पण राजाचा विषय निघाला मात्र, त्याला खोकल्याची उबळ आली. दुसरा रकाना. धाकट्या शेजारी देशातल्या एका बाईने तक्रारी सगळ्या केल्या, पण न्हाणीघरातून, नळ सोडून, कुजबुजत. तोही दुसरा. तेलाच्या देशातून यादीच आली नाही, कारण उभा एकच जण होता. डोंगरापलीकडच्या देशात फोन भलत्याच माणसाने उचलला आणि साहेब उपचारासाठी परदेशी गेलेत म्हणाला. गेली सहा वर्षं तो हेच सांगत होता. ते दोन्ही तिसऱ्यात.

पण बाईंच्या लेखी सगळ्यात वाईट खूण वेगळीच होती. फोन त्यानेच उचलावा, आवाज त्याचाच असावा, आणि तक्रार म्हणून काही नसावी. "हरून खूष झालेला माणूस मी आजवर बघितला नाही," त्या म्हणायच्या. "तसा भेटला की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय."

आपल्या देशाचा फोन मात्र बाई स्वतः लावत नसत. तो टक्केवारींनी लावायचा, हा नियम बाईंचाच. त्या मंगळवारी सकाळी टक्केवारींनी फोन ठेवला आणि खुशीत हात चोळले.

"चार मिनिटं! त्यातली तीन हवापाण्याची. पुढे म्हणाले, निवडणूक उत्तम झाली, जनतेने योग्य तो निर्णय दिला, माझी काही तक्रार नाही. बाई, याला म्हणतात मुरलेली लोकशाही. हरलेला माणूससुद्धा समाधानी! आपला पहिला रकाना पक्का."

"कोण होता?"

टक्केवारींनी चिठ्ठी पुढे केली. बाईंनी चष्मा लावला, नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. वजनकाटे दुरुस्त करणारा, चार वेळा अपक्ष उभा राहून चारही वेळा पडलेला तो उमेदवार म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ होता. तो उभा होता हे त्यांना ठाऊकच होतं, पण सहाशे चिठ्ठ्यांतून नेमकी त्याची निघावी!

"हा माझा दादा आहे," त्या म्हणाल्या. "आणि दादाची तक्रार नाही? अहो, तक्रार नसलेला दादा आमच्या आईनेसुद्धा बघितला नव्हता!"

ते काही खोटं नव्हतं. माणसाचा धंदाच असा की रतीभर फरक त्याला खपायचा नाही. बाईंच्या लग्नात खुर्च्यांच्या रांगा वाकड्या म्हणून त्याने मांडववाल्याला दोनदा त्या हलवायला लावल्या होत्या. पहिल्यांदा पडला तेव्हा त्याने बहिणीला फोनवर पावणेदोन तास ऐकवलं होतं. तिसऱ्यांदा एक्क्याण्णव मतांनी पडला तेव्हा बोटाची शाई फिकी होती एवढ्याच मुद्द्यावर त्याने आयोगाला चौदा पानी अर्ज पाठवला होता. बाईंना ही फोनची युक्ती सुचली तीच मुळी दादाचं ऐकता ऐकता, आणि हे त्यांनी ऑफिसात कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

पण नियम म्हणजे नियम. नात्यातली चिठ्ठी निघाली तर ती बाद. बाईंनी चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली. "दुसरी काढा."

दुसरी एका बंदराच्या गावातल्या मास्तरीणबाईंची निघाली. निवडणूक उत्तम झाली, जनतेने योग्य तो निर्णय दिला, माझी काही तक्रार नाही. लिहिता लिहिता टक्केवारींची पेन्सिल थांबली. मग कोणी न सांगता त्यांनी तिसरी काढली. सरहद्दीजवळचा गुरांचा डॉक्टर. निवडणूक उत्तम झाली, जनतेने योग्य तो निर्णय दिला, माझी काही तक्रार नाही.

"तीन माणसं, तीन गावं," टक्केवारी हळूच म्हणाले. "शब्दाला शब्द तोच, बाई."

रविवारी बाई बसने दादाकडे गेल्या. दोन तासांचा रस्ता. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. भिंतीवर तराजू टांगलेले, टेबलावर उघडलेला एक काटा, पितळेची वजनं उंचीप्रमाणे ओळीने मांडलेली. दादा भिंगातून काट्यात बघत होता. त्याने मान वर केली. "ये, ठके," म्हणाला. एवढंच! बस उशिरा आली का, कंडक्टरने सुटे दिले का, एवढं ऊन असताना छत्री का आणली नाहीस, काही नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी सरळच विचारलं. "दादा, निवडणूक कशी झाली रे?"

दादाने पाण्याचा पेला खाली ठेवला. बहिणीकडे न बघता तो म्हणाला, "उत्तम झाली. जनतेने योग्य तो निर्णय दिला."

"मी विचारतेय, दादा. ऑफिस नाही विचारत."

"माझी काही तक्रार नाही," असं म्हणून तो उठला आणि दुकानात गेला.

बाईंना रडूच फुटलं. परक्याला सांगितलं असतं तर समजण्यासारखं होतं, पण सख्ख्या बहिणीलाही तेच? वहिनीने दार लोटून घेतलं आणि त्यांच्याशेजारी बसली.

"वन्सं, मतमोजणी झाली ना, त्याच्या चौथ्या दिवशी वजनमाप खात्यातून एक जण आला होता. इतका सभ्य माणूस, काय सांगू! एक वाकडा शब्द नाही काढला. तीन कप चहा प्यायला. दुकान फार छान ठेवलंय म्हणाला. मग म्हणाला, तुमचा परवाना नूतनीकरणाला आलाय ना, होऊन जाईल, काळजी करू नका. कोणी निवडणुकीबद्दल विचारलं तर काय सांगायचं ते एका कागदावर लिहून दिलं, आणि जाताना उरलेलं बिस्कीटही खाऊन गेला."

"आणि परवाना?"

"अजून आला नाही. हे रोज टपालाची वाट बघतात. तेव्हापासून तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे झालेत. भाजीत मीठ जास्त पडलं तरी गप्प खातात हो!" वहिनीने डोळ्यांना पदर लावला. "इतकी वर्षं या माणसाच्या कटकटीने जीव नको झाला होता. आता घरात एवढं शांत असतं की मला झोप लागत नाही. पण तुम्ही हे कुठे लिहू नका. काट्यांशिवाय त्यांना दुसरं काही येत नाही."

"दादाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "त्याची चिठ्ठी मी फाडून टाकलीय."

परतीच्या बसमध्ये त्यांनी तो सगळा हिशोब मनाशी मांडला. दादाचं नाव येणार नव्हतं. पण तक्त्यात आपला देश खाली आला, तर तो सभ्य माणूस पुन्हा चहा प्यायला येणार आणि या खेपेला तो बहीण कुठे काम करते हेही विचारणार. न लिहिलं तर दादाचा परवाना येईल, दुकान चालेल, आणि दादा उरलेला जन्म ते एक वाक्य म्हणत काढेल. बाईंना दोन्हीचा राग आला. रागात त्यांचं डोकं नेहमीच चांगलं चालायचं. बस थांब्यावर पोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

तक्ता ठरवायला पाच जणांची समिती होती. संचालक, टक्केवारी, बाई, एक निवृत्त न्यायाधीश आणि एक माजी संपादक. संचालक बाईंचेच जुने विद्यार्थी, बाई पूर्वी कॉलेजात शिकवायच्या तेव्हाचे, हुशार, पण जरा जपून राहणारे.

"आपल्याकडे निवडणुका वेळेवर होतात," संचालक म्हणाले. "रांगा लागतात, निकाल लागतो, सरकार शपथ घेतं. बेचाळीसपैकी छत्तीस निकष आपण पार करतो. दोन फोनवरून देशाला खाली ओढायचं?"

"रांगा तेलाच्या देशातही लागतात," बाई म्हणाल्या. "आपल्याहून सरळ लागतात. आपल्यात आणि त्यांच्यात फरक एकच होता. आपल्याकडे पडलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी चौकात उभा राहून सरकारचे वाभाडे काढायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवायचा. तो फरक यंदा मला सापडत नाही. म्हणून दुसरा रकाना. तिसरा म्हणत नाही मी. अजून कोणी परदेशी उपचाराला गेलेलं नाही."

मतं टाकली. तीन विरुद्ध दोन. बाई हरल्या. दुसरं मत टक्केवारींचं होतं आणि ते टाकताना त्यांचं टक्कल लालबुंद झालं होतं.

आता या संस्थेची एक जुनी पद्धत होती. समितीत जो हरेल त्याचं म्हणणं तक्त्याच्या खाली एका ओळीत छापायचं, त्याच्या पूर्ण नावासकट. तिला सगळे खालची ओळ म्हणत. सव्वीस वर्षांत ती बारा वेळा छापली गेली होती, एकदा तर नुसत्या एका स्वल्पविरामावरून. सगळे उठून गेल्यावर संचालकांनी बाईंना थांबवलं.

"बाई, यंदा खालची ओळ नको. माझी विनंती समजा. संस्थेची नोंदणी नूतनीकरणाला गेलीय."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "म्हणजे तुमच्याकडेही कोणीतरी चहा प्यायला आलं होतं?"

संचालक खिडकीबाहेर बघायला लागले. खाली कोणीतरी टायर ठोकत होतं.

"फार सभ्य होते," ते शेवटी म्हणाले.

"असतातच. मला एवढंच सांगा, मी आत्ता या खोलीत हरले. माझी तक्रार तुम्ही छापू दिली नाहीत, तर आपल्या संस्थेला मी कुठल्या रकान्यात टाकू? तेलाच्या देशाशेजारी बसायचंय का आपल्याला?"

संचालकांनी चष्मा काढून पुसला. परीक्षेत कॉपी करताना पकडलं तेव्हाही ते असाच चष्मा पुसत बसले होते, हे बाईंना आठवलं. "छापा," ते म्हणाले. "शिकवलंत तुम्हीच, आता भोगतो."

ओळ अशी होती. 'आपल्या देशाचं पहिल्या रकान्यातलं स्थान मला मान्य नाही, कारण या वर्षी इथला हरलेला माणूस तक्रार करत नाही.' खाली बाईंचं पूर्ण नाव. छापखान्यात कागद जायच्या आधी टक्केवारी धापा टाकत जिना चढून आले. "माझंही नाव घाला. पाचात दोन म्हणजे चाळीस टक्के. थोडेथोडके नाहीत."

तक्ता सोमवारी निघाला. मंगळवारी दोन वर्तमानपत्रांनी तो खालची ओळ कापून छापला, एकाने ती मथळ्यातच घेतली. बुधवारी काही झालं नाही. बाई फोनजवळून हलल्या नाहीत. वहिनीचा रडवेला आवाज येईल, दुकानाला कुलूप लागलं म्हणेल, ही भीती त्यांना होती, आणि तरी ओळ लिहिली याचा पश्चात्ताप मात्र तसूभर नव्हता. गुरुवारी सकाळी अकरा वाजता फोन वाजला.

"ठके!" पलीकडून असा आवाज आला की बाईंनी फोन कानापासून लांब धरला. "हरलेला माणूस तक्रार करत नाही म्हणे! कोणी सांगितलं तुला?"

"दादा..."

"मध्ये बोलू नकोस! आधी मला सांग, ती ओळ एवढ्या बारीक टाइपात का छापली? भिंग लावून वाचावी लागली. भिंग माझ्याकडे आहे, बाकीच्यांनी काय करायचं? आणि तुझ्या ऑफिसचं घड्याळ चालू आहे ना? लाव. माझं नाव लिही, पत्ता लिही, दुकानाचा नंबर लिही. आता विचार."

"काय विचारू?"

"तुझं ते ठरलेलं, वेडे!"

बाईंनी टक्केवारींना खूण केली. त्यांनी घाईघाईने घड्याळ लावलं. "हा नात्यातला फोन आहे," बाई म्हणाल्या. "तक्त्यात धरता येणार नाही."

"नका धरू! मी काय तक्त्यासाठी बोलतोय? विचार."

बाईंनी घसा साफ केला. "निवडणूक कशी झाली?"

आणि दादाच्या तोंडाचा पट्टा सुटला. आमच्या केंद्रावर पेटी चाळीस मिनिटं उशिरा आली. यादीत मेलेली माणसं जिवंत आणि आमच्या गल्लीतली अकरा जिवंत माणसं गायब. मोजणीच्या वेळी माझ्या माणसाला खांबाआड बसवलं. खांब! मुद्दाम! तो वजनमापवाला, तीन कप चहा प्यायला, एकदाही चहा चांगला झालाय म्हणाला नाही की आभार मानले नाहीत, आणि मला, मला वाक्य लिहून देतो, त्यात 'योग्य तो निर्णय', अरे, तो 'तो' कशाला मध्ये? परवाना नाही ना देत? नको देऊस! चाळीस वर्षं या गावातला एकेक काटा मी सरळ ठेवलाय. दुकान बंद केलं तर घराच्या पायरीवर बसून करीन, आणि का बंद आहे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगीन. मागून वहिनीचा आवाज येत होता, "अहो, पाणी तरी प्या!" आणि त्या आवाजात इतका आनंद होता की बाई एकीकडे हसत होत्या आणि दुसरीकडे त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते.

संचालक दारात येऊन उभे राहिले होते. ते परत गेले नाहीत. एक खुर्ची ओढून ऐकत बसले.

दादा दमला तेव्हा टक्केवारींनी कागदावर आकडा लिहून बाईंपुढे धरला. बावन्न मिनिटं.

"झालं?" दादा म्हणाला. "आता पुढच्या वर्षी टाक आपल्याला मानाने पहिल्या रकान्यात, खालच्या ओळीशिवाय. तक्रार केली की नाही मी?"

बाईंनी डोळे पुसले. "नाही, दादा."

"का नाही? बावन्न मिनिटं बोललो!"

"बोललास हा तुझा धीर. पण तुझ्यासारख्या माणसाला तोंड उघडायला दोन महिने तो धीर गोळा करत बसावं लागलं, हे देशाचं. मी देश मोजते रे, भाऊ नाही मोजत. त्या मास्तरीणबाई आणि तो गुरांचा डॉक्टर असेच सहज ओरडायला लागले की त्या दिवशी मी स्वतः माझी खालची ओळ मागे घेईन."

दादाने एक दीर्घ श्वास घेतला. तो श्वास बाई लहानपणापासून ओळखत होत्या.

"असं का," तो म्हणाला. "मग माझी तुझ्याबद्दलही एक तक्रार आहे."

"बोल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टक्केवारींना घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.